आमच्या कंपनीत कोणी मरत नसे

आमच्या कंपनीच्या सिनेमांत कोणी मरत नसे. भुताचा सिनेमा काढला, त्यातसुद्धा कोणी मेलं नाही. मग भूत आलं कुठून, असं एकाने विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "बाहेरगावचा हाय."

कंपनी मामाची. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वळ गावात मामाची खाडीकडची भातशेती होती. तिच्यावर गोडाऊन उभं राहिलं, दर महिन्याला भाडं यायला लागलं आणि मामाला सकाळी उठून करायला काही उरलं नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. दुसऱ्या कोणी पत्त्यांचा क्लब काढला असता, मामाने सिनेमाची कंपनी काढली. तिला नाव मामीचं दिलं, म्हणून ते इथे सांगत नाही. मामीला तेव्हाही आवडलं नव्हतं.

मी नुकतीच मराठीत एम.ए. होऊन घरी बसले होते. मामाने मला लेखिका म्हणून घेतलं. म्हणजे कथा, संवाद, चहा आणि नटांच्या चपला सांभाळणं ही सगळी खाती माझ्याकडे आली. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा. त्याला सवयच अशी, की हिरो बोलत असला तरी हा मधेच जेवणाऱ्या पंगतीवरून कॅमेरा फिरवून आणायचा.

नट सगळे जवळच्या कामतघरचे लूम म्हणजे यंत्रमाग कामगार. त्यांना सुट्टी शुक्रवारी, कारण शुक्रवारी लूम बंद. म्हणून शूटिंगही शुक्रवारीच. इतर दिवशी खडखडाटात कानाशी बोललेलं ऐकू येत नसे. शुक्रवारी शांतता असायची, पण नेमकी तेव्हा लाईट नसायची. आवाज हवा तर उजेड नाही आणि उजेड हवा तर आवाज नाही, अशी आमच्या कलेची गत. आम्ही गोडाऊनचं शटर वर करून पत्र्यांवरून ऊन आत फेकायचो. मागे भाडेकरूंचे कुकरचे खोके छतापर्यंत रचलेले. ते हलवायची परवानगी नव्हती, त्यामुळे हिरोचं घर, कोर्ट, गुंडांचा अड्डा सगळीकडे कुकरच. प्रेक्षकांना त्यात खटकलं काही नाही. एकाने फक्त विचारलं, की हिरो इतका गरीब असून इतके कुकर कशाला?

शिवाय लूमवर आयुष्य काढलेली माणसं हळू बोलू शकत नाहीत. आमचा हिरो बागेत नायिकेचा हात धरून "तुझ्याशिवाय जगू शकत नाही" असं म्हणायचा, ते पार शेलार गावापर्यंत जायचं. मी लाजेने शटरमागे उभी राहायचे. मी लिहिलेली वाक्यं होती ना ती!

आता मरणाचं. आमच्याकडे जिवंत माणसाने तिरडीवर निजायचं म्हणजे यमाला घरचा पत्ता देणं. पहिल्याच सिनेमात खलनायकाला गोळी लागली, तर त्याची बायको लाटणं घेऊन गोडाऊनमध्ये आली. तेव्हापासून आमच्याकडे गोळी लागलेला माणूस उठायचा, शर्ट झटकायचा आणि मी सुधारलो असं ओरडून सांगायचा. असे तीन सिनेमे निघाले. त्यांच्या सीडी पानाच्या टपऱ्यांवर विकल्या गेल्या, हळदीच्या मांडवात लावल्या गेल्या. पण कामतघरचे प्रेक्षक वैतागले. "सेठ, इसमें कोई मरता ही नहीं," असं मामाला तोंडावर सांगू लागले. मामाला ते फार लागलं.

चौथ्या सिनेमात हिरोचा बाप मरणारच, असं मामाने जाहीर केलं. पण मरायला कोणी तयार होईना. शेवटी मामा म्हणाला, "मीच मरतू. आन मेल्याची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढता, सगल्यांना म्हाईत हाय."

"आणि मामी?" मी विचारलं.

"तिला दवाखान्याचा सीन हाय म्हनून सांग."

मामीचं सांगायला हवं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. मामीचं देवाकडे एकच मागणं, आपण आधी जावं, कुंकवासकट. हे ती लपवत नसे. वडाला दोरा गुंडाळताना, भाकरी थापताना, भांडताना, केव्हाही म्हणायची. मामाला साधा खोकला झाला की ती उपास धरायची आणि वर त्यालाच शिव्या घालायची. अशा बाईच्या नवऱ्याला आम्ही तिरडीवर बांधणार होतो, तेही तिच्याच नावाच्या कंपनीत.

शुक्रवार उजाडला. खोट्या तिरडीला खांदा द्यायला गावातला एकही गडी पुढे येईना. मग लूमवाले आले. त्यातला पिकलेल्या दाढीचा एक जण आमच्या सगळ्या सिनेमांत इन्स्पेक्टर व्हायचा, तो म्हणाला, "सेठ, हम उठा लेते हैं, बस तरीका बता दो." मामाने स्वतः झोपून तरीका सांगितला. सुतळीने बांधा, चौघांनी उचला, अर्ध्या वाटेत चिंचेखाली खाली ठेवा, त्याला विसावा म्हणतात, मग खांदे बदला. त्याला सगळं खरोखरचं हवं होतं, म्हणून गाठीही खऱ्या मारून घेतल्या.

मडकं आणायचं राहिलं होतं. मी रिक्षा करून बाजारात गेले. त्यानंतरचं मी पाहिलं नाही, पण कॅमेऱ्याने पाहिलं.

चिंचेखाली त्यांनी मामाला रीतसर खाली ठेवलं. तेवढ्यात जुम्म्याची अजान झाली. विसावा म्हणजे विसावाच, असं समजून सगळे नमाजाला गेले, आणि कॅमेरावालाही चालू कॅमेरा स्टँडवर ठेवून त्यांच्याबरोबर गेला. भर रस्त्याच्या कडेला तिरडी, तिच्यावर कफनात बांधलेला मामा, आणि आसपास चिटपाखरू नाही. मामाच्या नाकावर माशी बसली. मामा नाक उडवू लागला. "अरे, कोन हाय का?" असं प्रेताने विचारलं.

शेलारचे एक पाहुणे मोटारसायकलवरून चालले होते. त्यांनी मामाला बेवारस पडलेला पाहिला. माणूस थांबेल की नाही? पण ते इतके घाबरले, की गाडी आणखी जोरात मारून थेट मामाच्या घरी गेले आणि मामीला म्हणाले, "वयनी, दादाला चिंचेखाली टाकून सगले पलाले!"

मामी अनवाणी धावत आली. कॅमेऱ्यात आधी तिचा आवाज येतो, मग ती. मामाजवळ येऊन ती थबकते. मामा डोळा उघडून म्हणतो, "अगो, सोड मना. पाय मुंग्यांनी भरलाय."

मला वाटलं असतं, ती मारेल किंवा गाठी तरी सोडेल. तिने यातलं काहीच केलं नाही. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. जिवंत नवऱ्याला समोर ठेवून ती रडली. "मी आधी जानार, सांगितला व्हता ना तुमाना? माजा कुंकू शिनेमाला लावला काय?" मधेच नाक पुसायची, मधेच पदराने त्याच्या तोंडावरच्या माश्या वारायची. मामा आधी हसत होता. मग हसायचा थांबला. मी मडकं घेऊन पोचले तेव्हा मामी अजून माश्याच वारत होती. गाठी माझ्याने सुटेनात. नमाजाहून माणसं परतली आणि त्यांनी गाठी सोडल्या, तोवर ती तिथून हलली नाही.

आमच्या कंपनीतला चांगला अभिनय म्हणाल तर तेवढा एकच, आणि तो अभिनय नव्हता. मी ती टेप एकदा पाहिली, त्यानंतर मामीने ती कोणाला दाखवू दिली नाही. सिनेमा अर्धाच राहिला आणि कंपनी तिथेच बसली. मात्र पाहुण्यांनी वाटेत जिथे तिथे बातमी पसरवलेली, त्यामुळे दोन दिवस माणसं भेटायला येत राहिली आणि मामाच्याच हातचा चहा पिऊन गेली. सगळे म्हणाले, आता आयुष्य वाढलं. हे ऐकून मामीचा राग हळूहळू उतरला. "वाढला ना? मंग बरा," ती मला म्हणाली. "आता मी आधी जायाला मोकली."

पुढे काही वर्षांनी ती गेली. सकाळी चूल पेटवताना बसल्या जागी गेली, आणि नेमकी शुक्रवारी.

मी फोन करायला बसले. पहिल्याच घरातून हसू ऐकू आलं, "शुक्रवार हाय ना आज? चालू केली का कंपनी परत?" दुसऱ्याने विचारलं, नाश्त्याला काय हाय. मी त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही, पण त्यालाही वाटलं, संवाद म्हणतेय. तिसरा तर दिलदारपणे म्हणाला, "मामीला सांग, आयुष्य वाढला." मी फोन आपटला आणि रडले, रागानेच जास्त.

शेजारची चार घरं आली. कॅमेरावाल्याने कळवलं म्हणून लूमवाले आले. आमच्या सिनेमातल्या इन्स्पेक्टरने दारात मला एवढंच विचारलं, "भाभी सच में गईं?" मी मान हलवली. त्याने टोपी नीट केली आणि आत जाऊन मामाजवळ बसला. शेजारचे गडी उतारवयाचे, म्हणून खांद्याला लूमवालेही लागले. या वेळी त्यांना तरीका सांगावा लागला नाही.

पण तेच खांदेकरी पाहून गावाची खात्रीच पटली. लोक ओट्यांवर उभे राहून मजेत पाहत होते. एक पोरगी दरवाजातून ओरडली, "कॅमेरा कुठं हाय?" मामा मडकं घेऊन पुढे चालला होता. त्याने कोणाकडे पाहिलं नाही.

चिंचेखाली विसावा झाला. आणि अजान झाली.

खांदेकरी एकमेकांकडे पाहू लागले. इन्स्पेक्टर म्हणाला, "आज रहने दो सेठ, बाद में पढ़ लेंगे." मामा म्हणाला, "नहीं नहीं, जाव. पढके आव. हम रुकते हैं."

ते गेले. मामाने मडकं बाजूला ठेवलं आणि तो मामीच्या उशाशी रस्त्यावर मांडी घालून बसला. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिच्या तोंडावरच्या माश्या वारू लागला. मळवट भरलेला होता, तिला हवा होता तसाच.

ओट्यांवरचं हसू थांबलं. एकेक जण खाली उतरला. चपला काढून येऊन उभा राहिला, मग बसला. बघता बघता खांद्यांना तोटा राहिला नाही. फोनवर नाश्त्याचं विचारणारा मान खाली घालून म्हणाला, "दादा, उचलू या का? आमी हाव ना."

"न्हाय," मामा म्हणाला. "त्ये येतील."

"ऊन लई हाय, दादा."

"असू दे," मामा टॉवेल हलवत म्हणाला. "ती बसली व्हती."