उतारावरचा फ्रिज

माझ्या भावाला सगळं कळतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्याला कळत नसतं, तर मी त्याला केव्हाच माफ करून मोकळी झाले असते.

तो माझ्याहून लहान, मला अक्का म्हणतो. बेळ्ळंदूरला आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिथंच उंच इमारतीत राहतो. मध्यंतरी त्याला हौस आली आणि त्यानं एक जुनी कॅराव्हॅन विकत घेतली. म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायची पत्र्याची खोली. आत पलंग, ओटा, इवलासा संडास आणि एक छोटा फ्रिज. दर सुट्टीला कूर्ग, चिक्कमगळूर, असे बेत होते. एकदाच गेले. घाटात भावजयीला उलट्या झाल्या, आणि परत आल्यावर सोसायटीनं सांगितलं की हे धूड आमच्या पार्किंगमध्ये चालणार नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मग शहराबाहेर जिथं त्याचं नवं घर बांधायचं चाललं होतं, त्या साइटवर ते घोडं नेऊन बांधलं.

आणि त्यात आमच्या आईला ठेवलं.

मल्लेश्वरमचं आमचं घर विकून ती साइट घेतलेली. "आई, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. घर झालं की खालची खोली तुझी," असं तो म्हणाला. बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये म्हणे जागा नव्हती. खोल्या तीन होत्या. पण एक त्यांची, एकीत भावजयीचं ऑफिस, एकीत भाचीचा अभ्यास. खरं कारण एकदा त्याच्याच तोंडून निसटलं. साइटवरून सळ्या चोरीला जात होत्या, तेव्हा तिथं घरचं माणूस असलेलं बरं. जन्मभर ज्या बाईनं याचे लाड केले, तिला यानं सळ्यांच्या राखणीला बसवलं.

मी जयनगरला राहते. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे आणि नवरा तर म्हणत होता, आजच घेऊन ये. पण आई आमची बेळगावकडची, इथं येऊन जन्म गेला तरी मन तिकडचंच. लेकीच्या घरी जायचं ते पाहुणी म्हणून. चहा घ्यायचा, फार तर एक रात्र राहायचं, की निघायचं. मुलगा धडधाकट असताना लेकीच्या दारात मुक्काम टाकणं म्हणजे मुलाच्या तोंडाला काळं फासणं. मी विषय काढला की म्हणायची, "असू दे की गं. मला काय धाड भरलीय इथं? वारं येतंय, शेजारच्या बायका बोलायला येतात. घर झालं की झालंच की."

एकच गोष्ट मला सुखानं झोपू देत नव्हती. आईला मधुमेह. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं, आणि एप्रिलमध्ये त्या पत्र्याच्या खोलीत दुपारी हात लावाल तिथं चटका बसतो. इन्सुलिन तापलं की मेलं. दिसायला तसंच दिसतं, टोचायलाही तसंच टोचतं, अंगात मात्र काहीच करत नाही. म्हणजे आईचा जीव त्या छोट्या फ्रिजवर होता, आणि हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

त्या फ्रिजचं शास्त्र मला भावानंच समजावलं. पहिल्या दिवशी, मोठ्या ऐटीत, मागची जाळी काढून. "अक्का, यात मोटर नसते. साइटवर वीज येते-जाते, म्हणून गॅसवर लावलाय. इथं बारीकशी ज्योत पेटते, तिनं आतलं अमोनियाचं पाणी उकळतं, वर चढतं आणि नळ्यांतून आपल्याच वजनानं उतरत उतरत परत येतं. तेवढ्यानं आत गार होतं." आईनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! आग लावून गार?" तो हसला. मग म्हणाला, "फक्त एक पाळायचं. गाडी सपाट उभी पाहिजे. कलली की पाणी एका कोपऱ्यात साचतं, नळी नुसतीच तापत राहते आणि फ्रिज कायमचा जातो. दुरुस्तीसुद्धा नाही."

हे त्याचे शब्द आहेत. मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

साइट तर उताराची होती. देवानं दिलेला उतार नव्हे, यानं मुद्दाम करून घेतलेला. कुणा वास्तुवाल्यानं सांगितलं, नैर्ऋत्य उंच पाहिजे, ईशान्य खाली पाहिजे, म्हणजे घरात लक्ष्मी उतरते. म्हणून ट्रकभर माती आणून एक बाजू उचलली होती. कॅराव्हॅन त्याच उतारावर उभी, ईशान्येकडे झुकलेली. आत ओट्यावर लिंबू ठेवलं तर गडगडत दाराशी जायचं. मी मेस्त्रीला सांगून खालच्या बाजूच्या चाकाखाली सेंट्रिंगच्या दोन जाड फळ्या घालून घेतल्या, आणि त्याच्याकडचीच लेव्हल फ्रिजमध्ये ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये आला. भाऊ शेजारी उभा होता. "सरी अक्का, पर्फेक्ट," म्हणाला. मी देवाचे आभार मानले.

पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं. चौकट बसवायच्या आधी तो वास्तुवाला साइट बघायला आला. या जागेवरची पहिली वस्ती म्हणजे ही कॅराव्हॅन, असं त्याचं म्हणणं पडलं. माणूस राहतं, चूल पेटते, म्हणजे ती वास्तूच. आणि तिची ईशान्य तुम्ही फळ्या घालून उचललीत! मुलीच्या शिक्षणाला अडथळा येईल, घर अर्धवट राहील, आणखी काय काय. माझा भाऊ इंजिनीयर. अमोनिया कुठून चढतो नि कुठं उतरतो हे बोट लावून दाखवणारा. त्यानं त्याच दिवशी जॅक लावून फळ्या काढून टाकल्या. मला एक फोन करावासा त्याला वाटला नाही.

आईनं हे पाहिलं होतं. तिनंही मला सांगितलं नाही. पुढं मी तिच्यावर ओरडले तेव्हा म्हणाली, "तुला सांगून काय, तू त्याला बोलणार. आपलेच दात, आपलेच ओठ."

फोनवर तिचं आपलं हेच चालायचं. दही लवकर आंबतंय. उन्हाळाच आहे की. तहान फार लागते. उन्हाळाच आहे की. पायाला सळ्या बांधायची तार लागली, स्वल्पच लागलीय, हळद लावलीय. मला तेव्हा परीक्षेचे पेपर होते, मी शाळेत शिकवते. दर रविवारी जाणारी मी, दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावरून ऑटो करून गेले, तर आई पलंगावर झोपूनच. तळपायाला फडकं गुंडाळलेलं, आणि त्या फडक्याचा वास सगळ्या खोलीत भरलेला.

चहा करावा म्हणून मी फ्रिज उघडला. आत दिवा लागला. छान पांढरा उजेड. आणि हवा एखाद्या बंद कपाटासारखी कोंदट. मी इन्सुलिनची पेटी उचलली तर ती माझ्या तळहाताहून गरम. मागं वाकून बघितलं, ज्योत आपली इमानदारीत जळत होती. मी बाहेर पळाले. चाकाखाली नुसती माती. माझ्या फळ्या भिंतीशी टेकवलेल्या, त्यांच्यावर गवंड्यांचे डबे वाळत होते.

"फ्रिज चालू आहे की गं," आई आतून म्हणाली. "दिवा लागतोय बघ."

किती दिवस ती बाई ते मेलेलं औषध नेमानं टोचून घेत होती, देव जाणे. एकही वेळ चुकवली नाही म्हणून मला अभिमानानं सांगत होती.

हॉस्पिटलमध्ये अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. भाऊ आला, लॅपटॉपची बॅग पाठीवर तशीच. मी त्याला व्हरांड्यात गाठलं. "फळ्या का काढल्यास?" तो म्हणाला, "अक्का, फ्रिज मुळात जुनाच होता." मी म्हटलं, "मी फ्रिजचं विचारलं नाही. फळ्या का काढल्यास?" तर म्हणतो, "दोन इंचांनी काय होतं गं?" मेल्या, मुलीची ईशान्य दोन इंचांनी बिघडते आणि आईच्या फ्रिजला दोन इंचांनी काही होत नाही? मी तिथंच, लोकांच्या देखत, ओरडले. नर्स बाहेर आली. त्यानं मान खाली घातली, मोबाइल बघितला, आणि हळूच म्हणाला, "थोडक्यात निभावलं, असं समज." मला त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यायची होती. दिली नाही. अजून हात शिवशिवतो.

आणि आत आई काय म्हणाली? "त्याला बोलू नको बाई. त्यानं काय मुद्दाम केलं? केवढा वाळलाय बघ."

मी घरी खोली तयार केली. खाट खिडकीशी ओढली, संडासात धरायला दांडा बसवून घेतला. डिस्चार्जच्या दिवशी गाडी घेऊन गेले. आई कपडे करून बसली होती. मला वाटलं, निघाली. तर म्हणाली, "साइटवर सोड मला. आता तर अजिबातच नको. बोटं तुटल्यावर लेकीकडे गेले तर सगळे म्हणतील, लेकानं टाकली." मी भांडले, रडले, पाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी. भाऊ शेजारी उभा. आई, माझ्याकडे चल, एवढं त्याच्या तोंडून येईल म्हणून मी वाट पाहिली. त्याच्या शब्दाला ती नाही म्हणाली नसती. तो फ्रिजबद्दल बोलला. म्हणाला, आता नवा घेण्यात अर्थ नाही, घर होतच आलंय, वास्तुशांतीला एकदम मोठाच घेऊ.

"मग औषध कुठं ठेवायचं?" मी विचारलं.

आईनंच तोड काढली. नव्या इन्सुलिनची पिशवी तिनं माझ्या हातात दिली. "हे तू ने तुझ्याकडे. लागेल तसं एकेक आणून दे. वापरातलं मी माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवीन. काय?"

तेव्हापासून तेच चाललंय. घर अजून व्हायचंय. आई उतारावर आहे, हातात काठी आली आहे. माझ्या फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात तिचं इन्सुलिन आहे, आणि संध्याकाळी न चुकता तिचा फोन येतो. "नीट आहे ना गं तिथं? गार राहतंय ना?"

"राहतंय," मी सांगते. मग तूही ये, असं पुढं म्हणायचं मी आता सोडून दिलंय.