टिटवीने अंडी खाली घातली होती

भैरवगढच्या काकी नसत्या तर हे लिहायला मी नसतो, म्हणून आधी त्यांचं सांगतो. त्या कापड छापतात आणि छापलेलं नदीवर धुतात. आमचं नातं काही नाही. मी सांगलीकडचा, आठवीत शाळा सुटलेला, इकडे हिंदी मुलखात नानाखेड्याच्या एका स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापून देणारा.

त्या आषाढात मालकांनी पहिल्यांदाच मोठा कॅमेरा माझ्या हातात दिला. तलावावरचा सूर्योदय, त्यात पक्षी, असा एक चांगला फोटो आणलास तर बाहेरची कामं तुझी, म्हणाले. कॅमेऱ्याला काही झालं तर गावची गाडी पकड, हेही म्हणाले. सकाळी बघतो तर आभाळ गच्च, सूर्याचा पत्ता नाही. रिकाम्या हाताने परत जायची छाती होईना, म्हणून भैरवगढला नदीवर आलो.

तिथे ढगांनीच काम सोपं केलं. ऊन नसल्यामुळे बगळ्याचं पीस न् पीस दिसत होतं. पात्रातल्या वाळूच्या उंचवट्यावर टिटवी अंड्यांवर बसली होती. घोटाभर पाण्यातून जाऊन मी तिच्यासमोर पोटावर आडवा झालो. भीती वाटत होती. पण काठावरचे सगळे म्हणत होते, यंदा टिटहरीने, म्हणजे टिटवीने, अंडी खाली पात्रातच घातलीत, नदी चढणार नाही. आमच्या गावीही असंच मानतात. मला ते खरं वाटलं, कारण मला फोटो हवा होता.

टिटवी उठली आणि ओरडत सुटली. मला वाटलं, माझ्यावरच. ती शांत व्हावी म्हणून मी श्वास रोखून पडून राहिलो. वारा पडला होता. माझ्या अंगावर थेंब नव्हता, पण वरच्या अंगाला आभाळ काळंनिळं झालं होतं.

काकींनी नंतर सांगितलं, त्यांच्या हातातलं कापड एकदम ओढायला लागलं, जड झालं. वरून गाळाचं पाणी आलं की तसं होतं. धुवायचं थान, अख्खा तागा, तिथेच सोडून त्या मांडीभर पाण्यातून आल्या आणि माझी कॉलर धरली.

"तुमपे नहीं चिल्ला रही वो, बेटा. पानी पे चिल्ला रही है. उठो."

वळून बघितलं तर मी आलो ती वाट उरली नव्हती. मी नुसता कॅमेरा, कॅमेरा करत होतो. त्यांनी तो एका हाताने डोक्यावर धरला, दुसऱ्या हाताने मला. काठाला लागेपर्यंत पाणी कमरेवर आलं होतं.

तिथूनच एक फोटो काढला. उंचवटा नाही, अंडी नाहीत, नुसतं मातकट पाणी आणि त्यावर घिरट्या घालणारी टिटवी. मालक तो बराच वेळ बघत बसले. असला फोटो घरात कोण लावणार, म्हणाले, पण बाहेरचं काम दिलं.

काकींचं ते थान सापडलं नाही. त्यांना सगळं पुन्हा छापावं लागलं, पुन्हा त्याच पाण्यात उभं राहून धुवावं लागलं. त्यांचे गुडघे आता दुखतात. मला नदीची अजून भीती वाटते. तरी एका हिवाळ्यात महिनाभर सुट्टी काढून त्यांच्या जागी पाण्यात मी उभा राहणार आहे. त्यांनी काठावर बसून चुका काढायच्या.