पहिल्या नगाचं कुंकू

परदेशी गिऱ्हाइकाचा मेल मी वर्कशॉपमध्ये बाबांना मराठीत सांगितला. नमुन्याच्या व्हॉल्व्हवर तांबडा डाग आहे. तो गंज असेल तर ऑर्डर मिळणार नाही. बाबा ओशाळले. नव्या डिझाइनचा पहिला नग म्हणून त्यांनीच त्याला कुंकू लावलं होतं.

“पुसायचं राहिलं बघ. आमचा गंज एवढा लाल नसतो म्हणावं.”

घरात इंग्रजी लिहिणारी मी एकटीच. ‘पूजेचा रंग’ असं लिहून पाठवलं, तरी जीव थाऱ्यावर येईना. बाहेर जाताना आपलं किती पुसावं, हे कॉलेजात जाऊनही मला नीटसं कळलेलं नाही.

खबरदारी म्हणून बाबा दुसरा, कोरा नग खोक्यात ठेवत होते. झाकण लावताना ते थांबले.

“असाच पाठवायचा?”

मी ‘हो’ म्हटलं, पण त्यांच्याकडे बघवलं नाही.