बिब्बा उतला

मी शेलूबाजारची. लग्न होऊन मेडशीला येईपर्यंत बिब्बा मला दुकानातल्या पुडीपुरताच माहीत. इथे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्याचं झाडच होतं. सासूबाई बिब्बे फोडून आतली गोडंबी काढायच्या, बाळंतिणीच्या लाडवांसाठी. टरफलातलं काळं तेल मात्र कातडी जाळतं, फोड आणतं; त्यालाच बिब्बा उतणं म्हणतात. "हाताले गोडं तेल लावल्याबिगर बिब्ब्याले शिवू नको," असं त्यांनी मला बजावलं होतं.

नणंदेच्या लग्नाला आठ दिवस होते. तिच्या टाचा भेगांनी फाटलेल्या. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. त्या करायच्या तसं मी हाताला गोडं तेल लावलं, सुई तापवली, बिब्ब्यात खुपसली आणि टोकावर आलेलं तेल भेगांना टेकवलं. मग हात पाण्यानं धुतला आणि त्याच हातानं तिच्या तोंडाला बेसन-हळद चोळली. हे तेल नुसत्या पाण्यानं जात नाही, हे मला कुठं ठाऊक!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं तोंड सुजून डोळे मिटले होते. गालांवर पाण्याचे फोड.

"बिब्बा उतला हा," सासूबाई म्हणाल्या. "कोनं लावला?"

मी दारातच उभी. माझ्या बोटांना काही झालं नव्हतं.

"म्याच लावला, आई," नणंद म्हणाली. "टाचाले लावला, मंग हात लागला तोंडाले."

सासूबाईंनी तिला नाही नाही ते सुनावलं. जीपमधून मालेगावला जाताना ती माझा हात धरून बसली होती. मी बाहेर बघत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. डोळे थोडक्यात वाचले, म्हणाले.

घरी आलो तर नवरदेवाचे व्हिडिओ कॉल सुरू. ती उचलेना. संध्याकाळी त्याच्या वडिलांचा सासऱ्यांना फोन आला, "पोरीच्या मनात नाही काय?" तेव्हा तिनं स्वतःच नवरदेवाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चेहऱ्यासमोर धरला.

"पाहून घ्या. बिब्बा उतला. लगन पुढं ढकलाचं असन तं सांगा."



"डोयानं दिसते ना तुले?" त्यानं विचारलं.

"दिसते."

"मंग लगन ठरल्या दिवशीच करू."

लग्नापर्यंत सूज उतरली. काळे डाग पावडरखाली राहिले.

ती सासरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाई बिब्बे फोडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"म्या तिले किती बोलली," त्या म्हणाल्या. "अन् तू आयकत होती."

दिवाळीपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. नणंदेनं मात्र तो विषय आजवर काढला नाही. मीही तिची माफी अजून मागितलेली नाही.