साडूभाऊंचा बॅलन्स

माझा साडू समोर बसला की माझं लक्ष त्याच्या बोटांकडे जातं. बोलता बोलता तो पेनाचं टोपण कानात घालतो, सावकाश फिरवतो, बाहेर काढून निरखतो आणि त्याच टोपणाने समोरच्या मुलाच्या कागदावर कॉलेजांची नावं दाखवतो. मी दातांच्या कवळ्या बनवतो. लोकांच्या तोंडातून निघालेल्या वस्तू दिवसभर हाताळतो आणि डबाही तिथेच उघडतो. मला सहसा कशाची शिसारी येत नाही. या माणसाची येते.

आधी तो विमा विकायचा. त्याच्याही आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं. मग कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की मुलांच्या ॲडमिशनच्या धास्तीने आईबाप अर्धमेले झालेले असतात, त्यांना धीर विकावा. त्याने औषधांच्या दुकानावरची खोली घेतली, काचेचं टेबल आणलं आणि रातोरात ‘सर’ झाला. घरीसुद्धा. मेव्हणी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दारात आलेल्याला सांगते, "सर आंघोळीला गेलेत."

त्याची सगळी विद्या एका शब्दात मावते. बॅलन्स. यादीत वर काही ‘उंच’ कॉलेजं, म्हणजे लागलं तर नशीब. मग काही ‘बरोबरीची’. आणि खाली दोन-तीन ‘हमखास’. इथवर वावगं काही नाही, कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल. गंमत पुढे आहे. हमखास कॉलेजने नकार कळवला की ते त्याच दिवशी उंच होतं. "अहो, ते उंचच होतं, मी तेव्हाच बोललो होतो." पोरगं रडत असतं, बाप मान खाली घालून ऐकत असतो आणि हा टोपण फिरवत असतो.

आमची मुलगी चेलो वाजवते. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं. शिवाय इतिहासाचं पुस्तक हातात असलं की जेवायला चार हाका माराव्या लागतात. तिला दोन्ही हवं होतं, एकाच कॉलेजात. अशी कॉलेजं असतात, पण यादी नीट करावी लागते. मी म्हटलं, शाळेतल्या बाईंना विचारू. बायको म्हणाली, "घरात माणूस असताना बाहेर? ताईला काय वाटेल?" ताईला काय वाटेल या प्रश्नावर आमचा संसार चाललाय. रविवारी आम्ही तिघं साडूचा जिना चढलो.

साडूने मार्कांवर नजर टाकली आणि उजळला. "साडूभाऊ, हिची काळजीच नको." बघता बघता यादी झाली. खालच्या तीन नावांवर टोपण टेकवून म्हणाला, "इथे तर डोळे मिटून."

"काका, इथे चेलो कोण शिकवतं?" मुलीने विचारलं.

"शिकवत असेल कुणीतरी. एवढं मोठं कॉलेज आहे."

"पण संगीतवाले वेगळं ऐकून घेतात ना? वाजवून दाखवावं लागतं."

"अगं, मार्क बघून एकदा दार उघडलं ना, की आतल्या खोल्या उघड्याच असतात."

वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की आम्ही जिना उतरत असताना तो तेच पुढच्या आईबापांना ऐकवत होता.

पोरीने घरी येऊन तिन्ही हमखास कॉलेजांच्या संगीत विभागांना सरळ ईमेल केली. उत्तरं यायला आठवडा लागला. पहिल्या ठिकाणचे चेलोचे शिक्षक निवृत्त झाले होते आणि जागा रिकामी होती. दुसरीकडे संगीत म्हणजे संध्याकाळचा हौशी क्लब. तिसरीकडे शिकवणारे उत्तम, पण यंदा चेलोची एकच जागा. मार्कांच्या हिशोबाने हमखास असलेलं ते कॉलेज चेलोच्या हिशोबाने यादीत सगळ्यात उंच होतं. साडूच्या यादीने अर्ज गेले असते तर पोरीला इतिहास मिळाला असता आणि चेलो चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला असता.

आम्ही तिघं पुन्हा तो जिना चढलो. साडूने उत्तरं वाचली. मला वाटलं, वरमेल. वरमायला आधी थोडी लाज लागते.

"मग तर सोपं झालं," तो म्हणाला. "संगीत काढून टाकू. यादी आपोआप बॅलन्स होते." आणि त्याने संगीत या शब्दावर रेघ मारलीसुद्धा. "छंद म्हणून वाजव की. कोण नको म्हणतंय?"

पोरगी त्या रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चालेल, काका."

एवढुसा आवाज. लहानपणापासून रोज बोटं सोलवटून घेणारी ही पोर त्या घाणेरड्या टोपणासमोर चालेल म्हणाली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की काचेचं टेबल उलथवावं. पण माझ्याआधी बायको उठली. तिने त्याच्या हाताखालचा कागद ओढून घेतला.

"भावोजी, हिचं पुढचं आम्ही बघू."

"अगं पण बॅलन्स..."

"तो ठेवा तुमच्याकडेच. ताईला मी सांगते."

इतक्या वर्षांच्या संसारात मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं ते तेव्हाच.

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून यादी केली. प्रत्येक कॉलेज दोनदा तोलायचं, एकदा मार्कांवर आणि एकदा चेलोवर. दोन्हींत जे अवघड, त्यावर त्याची जागा ठरवायची. जिथे शिकवणाऱ्याने स्वतः तिला ऐकून ‘ये’ म्हटलं, तेवढंच हमखास. उंच कॉलेजांनी नकार दिले, ते अपेक्षितच होतं. बरोबरीच्या एका छोट्या कॉलेजने तिला घेतलं, चेलोला आणि इतिहासालाही. पोरगी पत्र हातात घेऊन घरभर नाचली.

पुढच्याच आठवड्यात औषधांच्या दुकानावर भलामोठा बोर्ड लागला. त्यावर आमची पोर, चेलोसकट. फोटो घरच्या ग्रुपवरून उचललेला, कडेला माझा अर्धा खांदा तसाच राहिलेला. खाली लिहिलेलं, ‘संगीतही, इतिहासही! सरांचा अचूक बॅलन्स!’

तो उतरवायला मी घरात शिडी शोधत होतो तेवढ्यात मेव्हणी आली. एकटीच. खुर्चीच्या कडेवर बसली आणि बहिणीला म्हणाली, "अगं, यंदा ह्यांच्याकडचं एकही मूल मनासारखं लागलं नाही. लोक येऊन नाही नाही ते बोलून जातात. तो बोर्ड आहे म्हणून निदान कुणी जिना चढतं. राहू दे ना गं." आणि रडायलाच लागली.

मी सांगणार होतो, जिना चढतं ते कुणाचं तरी पोर असतं. आपल्या पोरीचा चेहरा बघून ते वर जाणार आणि हा त्यालाही जे हवं असेल त्यावर रेघ मारणार. पण बायको लेकीकडे बघत होती. लेकीने मावशीचा हात धरला होता.

"राहू दे, मावशी," ती म्हणाली. "चालेल."

मी उठून बेसिनशी गेलो आणि चूळ भरली. पुन्हा भरली. तोंडाची चव काही जाईना. बाहेर बायको बहिणीला म्हणत होती, चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस.