मथाबाईंनी सारवलेली जमीन

खोदकामावर मजुरीला येणाऱ्या मथाबाई खड्ड्यात उतरताना वहाणा काढत, आणि उतरत त्या एकाच जागेवरून. आमच्या उत्खननात सापडलेल्या यादवकालीन घराच्या भिंती म्हणजे वीतभर उंचीच्या दगडांच्या ओळी. आम्ही सगळे त्या सहज ओलांडून जात असू. मथाबाई मात्र डोक्यावर भरलेली पाटी असली तरी वळसा घालून उंबऱ्याच्या दगडावरूनच ये-जा करत. पहिल्या दिवशी मी हसलो, तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरी पाव्हना भिंतीवरून उडी मारून येतो का?"

सिन्नरच्या पुढे एका ओढ्याकाठी ती पांढरी होती. उठून गेलेल्या वस्तीच्या मातीला आपल्याकडे पांढरी म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे खोदकाम चालले होते आणि एका खड्ड्याची देखरेख माझ्याकडे होती. सटाण्याच्या शाळेतून नाशिकच्या कॉलेजात आलेला मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. काम नीट झाले तर पुढच्या हंगामातही घेऊ, असे उत्खनन चालवणारे आमचे सर म्हणाले होते. त्यामुळे मी सतत धास्तावलेला असे. मथाबाई आज नाहीत. पण जमीन कशी पाहायची हे मला कोणी शिकवले असे विचारले, तर मी आधी त्यांचेच नाव सांगतो.

एका दुपारी त्यांनी कुदळ मारणाऱ्याला एकदम थांबवले. "दम धर रं, खाली जमीन हाय." मला तर नुसती राख दिसत होती. त्यांनी खुरप्याने राख बाजूला केली, तेव्हा खाली शेणामातीने सारवलेली टणक जमीन निघाली. तिच्यावर बोटांचे बारीक अर्धगोल होते.

"भाऊ, ही बाई डावरी व्हती."

"कशावरून?"

त्या उकिडव्या बसल्या आणि जमिनीला न टेकवता उजवा हात फिरवून दाखवू लागल्या. "माझा हात असा वळतो. हिचा उलटा. चुलीच्या कोपऱ्यात बघा, तिथं अडचन हाय, तरीबी उलटाच."

त्याच वेळी मी फोटो काढून घ्यायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी सर पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन येणार होते, त्यांच्यासोबत फोटोग्राफरही होता. चांगला फोटो तेव्हाच निघेल, असा मी विचार केला. मथाबाईंना म्हणालो, "उद्या पाहुणे येणार आहेत. जमीन अगदी स्वच्छ पाहिजे."

सकाळी पोचलो तर सगळी जमीन शेणाने सारवलेली. ओली, चकचकीत. उंबऱ्याशी रांगोळीच्या दोन रेघाही. मी कपाळाला हात लावला.

"का वं? नीट नाय झालं? भेगा पडल्या व्हत्या. पाव्हन्यांपुढं तशीच ठिवायची व्हय?"

तेवढ्यात जीप आलीच. सरांनी खड्ड्याच्या कडेवरून खाली पाहिले. मग विचारले, "हे कोणी केलं?"

"बाईंनी," मी म्हणालो.

ते खरेच होते. पण बाकीचे मी गिळले. सरांनी मुकादमाला हळू आवाजात सांगितले, "यांना उद्यापासून नको." मथाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. 'ह्यांनीच सांगितलं' एवढेच त्या म्हणाल्या असत्या तरी पुरे होते. त्या उंबऱ्यावरून बाहेर आल्या, वहाणा पायात घातल्या आणि गावाकडे चालू लागल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडताच उठलो. सरांना गाठून सगळे सांगितले. स्वच्छ करायला मीच सांगितले होते हे, आणि बोटांच्या खुणा काल दिसूनही मी फोटो काढला नव्हता हेही. सर म्हणाले, "इथे काय उभा आहेस? बाईंना घेऊन ये. आणि हे सगळं नोंदवहीत लिही."

मथाबाई ओट्यावर बाजरी पाखडत होत्या.

"मथाबाई, चुकलो मी."

"बसा. चा घ्या." सूप काही थांबले नाही. "म्या सारवलं, म्याच काढीन. पन आज नाय. वलं खरवडलं तर तिचंबी निघून येईल. वाळू द्या."

सारवण वाळल्यावर त्या दोन दिवस बाभळीचा काटा घेऊन बसल्या. आपल्या सारवणाचा एकेक पोपडा उचलायचा, फुंकर घालायची, पुढे सरकायचे. दाराजवळचे जुने सारवण नव्याबरोबर निघून आले; तिथल्या खुणा कायमच्या गेल्या. चुलीपाशी मात्र दोन हातांएवढी जागा जशीच्या तशी राहिली. फोटो तेवढ्याचाच निघाला. डावऱ्या हाताचे निरीक्षण मी मथाबाईंच्या नावानिशी वहीत लिहिले.

हंगाम संपला की खड्डे पुन्हा बुजवतात. चुलीजवळची माती टाकायचे काम मथाबाईंनी मागून घेतले. इतर जण वरून पाट्या ओतत होते. या मात्र खाली बसून हाताने माती पसरू लागल्या.

"झाकते गं बाई. लय जनांनी पाह्यलं तुझं घर. माझ्या हातानं थोडं गेलं, तेवढं पोटात घाल."

मी जवळच उभा होतो. त्यांनी मान वर केली.

"तुमीबी टाका एक मूठ. चूक दोघांची हाय."

मी खाली बसून मूठभर माती घेतली.