गाठ मारणारा मासा

आमच्या मत्स्यालयात लोक शार्कसमोर गर्दी करतात, रंगीत माशांसमोर फोटो काढतात आणि कोपऱ्यातल्या अंधाऱ्या टाकीपाशी आले की नाक मुरडून पुढे सटकतात. त्या टाकीत हॅगफिश नावाचे लांबुळके मासे होते, दोन. त्यांना सांभाळायची ताई. मी तिकीट खिडकीवर बसते आणि जेवायला रोज तिच्याबरोबर असते, त्यामुळे हे सगळं मी ऐकीव सांगत नाही.

ताई अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. कुणी "शी, केवढी ही अळी!" म्हणालं, की हातातला ब्रश तसाच धरून वळायची. "अळी नाही, मासा आहे. जगात जबडा यायच्या आधीचं घराणं आहे हे, जरा मान ठेवा!" मग तिला आवरणं कठीण. या माशाला जबडा नाही, खवले नाहीत, अंगात हाड म्हणून नाही. कवटी आहे, पण तीही नाकाच्या शेंड्यासारखी लवचीक. मग जबड्याशिवाय लचका तोडतो कसा? जिभेवरचे दात मेलेल्या माशात रुतवतो, शेपटीकडे स्वतःच्याच अंगाची गाठ मारतो, ती डोक्याकडे सरकवतो आणि तिचा रेटा देऊन तुकडा ओढून काढतो. हे सांगताना ताई हातातल्या रबरी नळीची गाठ मारून दाखवायची. बघणारे हसायचे, पण थांबायचे.

तिचा धाकटा भाऊ म्हणजे घरादाराचा लाडोबा. नोकरी धरायची आणि सोडायची, मध्ये आईनं बाजू घ्यायची. शेवटी ताईनं साहेबांकडे शब्द टाकला आणि तो आमच्याकडे तात्पुरता गाइड म्हणून लागला. जिभेवर साखर, लोकांना चटकन आवडायचा. मलाही आवडायचा, खोटं कशाला बोलू?

ताईनं त्याला सगळं शिकवलं. पोटच्या पोराला शिकवावं तसं. "एक लक्षात ठेव, याला शेपटीकडे कधी चिमटीत दाबायचं नाही. घाबरला की अंगातून चिकट द्रव सोडतो, आणि चमचाभर द्रवानं बादलीभर पाण्याचा लगदा होतो. समुद्रात त्यानं शत्रूचे कल्ले बुजतात. पण कमी पाण्यात याचाच श्वास कोंडतो. मोकळी जागा असली तर गाठ मारून अंग पुसून घेतो. जागाच नसली तर काय करेल बिचारा?"

भावानं सगळं नीट ऐकून घेतलं.

ताईच्या सुट्टीच्या दिवशी आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. आमच्याकडे नियम असा, की सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय मासा टाकीबाहेर काढायचा नाही. यानं पहारेकऱ्याला बेधडक सांगितलं, "ताईनंच सांगितलंय." मग मासा बादलीत घेतला, लोकांसमोर शेपटीकडे दाबला आणि पाण्यातून ती चिकट चादर वर उचलून दाखवली. बायका किंचाळल्या, मुलं नाचली. खेळ पुन्हा झाला, आणि पुन्हा. बादली तीच, पाणीही तेच.

दुसऱ्या दिवशी ताईला बादलीत मेलेला मासा सापडला. परत टाकीत सोडायचेही कष्ट यानं घेतले नव्हते. लगदा बाजूला करताना दिसलं, मासा अर्धाच वळला होता. गाठ पुरी झाली नव्हती.

"अगं ताई, एकच मासा तर गेला," भाऊ म्हणाला. "आणि कुठं दाबायचं हे तूच तर शिकवलंस!"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ताई माशाच्या अंगावरचा लगदा पुसत राहिली. माझ्या तोंडून मात्र एक शब्द निसटला, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

साहेब खूश होते. खेळ रोज करा म्हणाले, भावाला कायम करू म्हणाले. फक्त यापुढे मासा ताईनं स्वतः काढून द्यायचा. संध्याकाळी आईचा फोन आला. ताईनं काही सांगायच्या आतच आई म्हणाली, "माशापायी भावाच्या पोटावर पाय देणार आहेस का?" ताईनं फोन ठेवला आणि माझ्यासमोर हमसून रडली. "मला कुणी विचारलंसुद्धा नाही गं," एवढंच म्हणत राहिली.

सकाळी भाऊ बादली घेऊन हजर. "दे ना काढून, ताई. तुझ्या हातात तो शांत राहतो."

ताईनं बाह्या सारल्या आणि दोन्ही हात टाकीत घातले. मासा सरपटत आला आणि तिच्या ओंजळीत निवांत पडून राहिला. मला वाटलं, संपलं, देतेय ही. बहिणी असतातच अशा.

"घे," ती म्हणाली, पण हात पाण्याबाहेर काढले नाहीत.

भावानं घाईनं हात घालून मासा धरला. त्याच क्षणी पाणी गढूळ, घट्ट झालं. मासा निसटला, टाकीच्या तळाशी त्यानं गाठ मारली आणि सगळं अंग त्यातून ओढून स्वच्छ केलं. भाऊ कोपरापर्यंत चिकटा घेऊन उभा राहिला.

"याचे डोळे कातडीखाली बुजलेले आहेत," ताई म्हणाली. "तरी त्याला हात कळतो. मला धडधडीत दोन डोळे असून कळला नाही."

मग तिनं टाकीचं झाकण लावलं आणि साहेबांच्या खोलीकडे निघाली, नाही म्हणून सांगायला.